हार्ट, रक्तवाहिन्या आणि लिव्हर: तिन्हीचे रिपोर्ट शेजारी ठेवून कसे वाचायचे

चेकअपची फाईल हातात आली की बहुतेक जण जाड अक्षरात छापलेले आकडे शोधतात, असले तर नेटवर टाकून घाबरतात आणि नसले तर फाईल थेट कपाटात जाते. मला दोन्ही पटत नाही. जाड अक्षरातला आकडा कितीतरी वेळा किरकोळ निघतो आणि खरी भानगड नॉर्मल रेंजच्या आत गुपचूप बसलेली असते. प्लेटलेटचंच घ्या, एका वर्षी २.८ लाख, दोन वर्षांनी २.१, अजून दोन वर्षांनी १.६, तिन्ही वेळा लॅबच्या हिशोबाने नॉर्मल कारण खालची मर्यादा दीड लाख, त्यामुळे कोणीच काही बोलत नाही. पण माणसाला फॅटी लिव्हर असेल तर हा उतार लिव्हर कडक होत चालल्याची खूण असू शकतो. हे फक्त जुने रिपोर्ट शेजारी ठेवले तरच दिसतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आत्ता छातीत दाब येत असेल, धाप लागत असेल, अचानक बोलणं अडखळत असेल, तोंड किंवा हातपाय एका बाजूला लुळे पडत असतील, रक्ताची उलटी झाली असेल, तर हे वाचत बसू नका, इमर्जन्सीला जा. खालचं सगळं लक्षणं नसलेल्या किंवा डॉक्टरकडे निवांत जायला वेळ असलेल्या माणसासाठी आहे.

हे तीन अवयव एकत्र का घेतले? कारण डॉक्टर वेगळे असले तरी आजाराचं मूळ बऱ्याचदा एकच असतं, वाढलेली शुगर, बीपी, पोटाची चरबी, बिघडलेले लिपिड म्हणजे रक्तातली चरबी. फॅटी लिव्हर असलेल्या लोकांमध्ये मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण लिव्हर नसून हार्ट आणि रक्तवाहिन्यांचे आजार आहे. आणि तरी सोनोग्राफीत फॅटी लिव्हर दिसलं म्हणून कोणी लिपिडकडे नीट बघतंय असं फार कमी वेळा होतं, एक फाईल इकडे आणि दुसरी तिकडे.

प्रत्येक आकड्याला आधी एकच प्रश्न विचारा

हा आकडा नेमकं काय दाखवतो: कारण, चालू नुकसान, की आजवर साठलेलं नुकसान? सगळ्या टेस्ट या तीन कप्प्यांत टाकता येतात आणि एकदा टाकल्या की निम्मा गोंधळ संपतो. एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल), अपोबी आणि लिपोप्रोटीन ए (कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणांच्या टेस्ट), शुगर, बीपी ही कारणं. ट्रोपोनिन (हार्टच्या स्नायूला इजा), बीएनपी (हार्टवरचा ताण), एसजीपीटी (लिव्हरच्या पेशींना इजा) हे आत्ता काय चाललंय ते सांगतात. कॅल्शियम स्कोअर (हार्टच्या धमन्यांत साठलेलं कॅल्शियम), कॅरोटिड म्हणजे मानेच्या धमनीतला प्लाक (भिंतीत साठलेला चरबीचा थर), लिव्हरचा कडकपणा, एमआरआयमध्ये दिसणारा हार्टच्या स्नायूवरचा व्रण, हे साठलेलं नुकसान. एलडीएल १६० आहे पण कॅल्शियम स्कोअर शून्य, किंवा एसजीपीटी नॉर्मल आहे पण फायब्रोस्कॅन (लिव्हरचा कडकपणा मोजणारी टेस्ट) १३, यात काहीही विरोधाभास नाही, दोन टेस्ट दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत. लोक यातली चांगली वाटणारी टेस्ट धरून दुसरी सोडून देतात, तिथे गाडी चुकते.

रक्तातली कारणं

लिपिड प्रोफाइलमध्ये एलडीएल बऱ्याच वेळा मोजलेलं नसतं, गणित करून काढलेलं असतं. फ्रीडवाल्ड फॉर्म्युला, १९७२ चा, अजूनही खूप लॅब वापरतात, आणि ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की तो चालत नाही. त्याच्या आधीपासूनच, विशेषतः एलडीएल खूप कमी असताना, तो थोडा घसरायला लागतो. म्हणून तुमचं ट्रायग्लिसराइड जास्त असेल तर एलडीएलवर नजर खिळवण्यापेक्षा नॉन-एचडीएल बघा, टोटल कोलेस्टेरॉल वजा एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल), बस. रिपोर्टमध्ये नसलं तरी स्वतः काढता येतं. एलडीएलचं जे टार्गेट तुम्हाला दिलंय त्यात साधारण ३० मिळवले की नॉन-एचडीएलचं टार्गेट.

त्याहून नेमकं हवं असेल तर अपोबी. रक्तवाहिनीच्या भिंतीत घुसणाऱ्या प्रत्येक कणावर अपोबीचा एकच रेणू असतो, त्यामुळे अपोबी म्हणजे सरळ कणांची मोजणी. शुगर, पोटाचा घेर आणि ट्रायग्लिसराइड तिन्ही जास्त असलेल्या लोकांमध्ये एलडीएल बरं दिसतं आणि अपोबी जास्त निघतं असं होतं, कारण कण छोटे असतात पण संख्येने भरपूर. फॅटी लिव्हरवाल्यांनी तर ही टेस्ट एकदा विचारायला हवी असं मला ठाम वाटतं.

लिपोप्रोटीन ए जवळजवळ पूर्ण आनुवंशिक असतं, जीवनशैलीने फारसं हलत नाही, आयुष्यात एकदा केलं तरी बहुतेकांना पुरतं. ५० मिलिग्रॅम किंवा १२५ नॅनोमोलच्या वर गेलं तर धोका वाढलेला समजतात. या दोन एककांचं एकमेकांत नेमकं रूपांतर होत नाही, त्यामुळे एक रिपोर्ट एका एककात आणि दुसरा दुसऱ्यात असेल तर तुलना करत बसू नका. घरात कोणाला कमी वयात अटॅक आला असेल तर ही टेस्ट टाळू नका.

एचएस-सीआरपी म्हणजे शरीरातली सूज. १ च्या खाली कमी धोका, १ ते ३ मधला, ३ च्या वर जास्त. पण सर्दी, ताप, दाताचं दुखणं, गुडघ्याला मार, काहीही असलं तरी ती चढते. १० च्या वर आली तर हार्टचा अर्थ काढूच नका, बरं वाटल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा करा.

हार्ट: ईसीजी आणि इको

आरामात झोपून काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे ब्लॉकेज नाही, हा समज खूप पक्का बसलाय आणि तो चुकीचा आहे. ईसीजी त्या क्षणाची विद्युत हालचाल दाखवतो. ७० टक्के ब्लॉकेज असलेल्या माणसाचाही आरामातला ईसीजी स्वच्छ असू शकतो.

इकोमध्ये, म्हणजे हार्टच्या सोनोग्राफीत, सगळे ईएफ बघतात, एका ठोक्याला हार्ट आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं तो आकडा. साधारण ५५ ते ७० नॉर्मल, ४० किंवा खाली म्हणजे पंपिंग नक्की कमी, ४१ ते ४९ मधला पट्टा. आता गंमत अशी की इकोवर ईएफ मोजताना बघणाऱ्यागणिक पाच-दहा पॉइंटचा फरक सहज पडतो, त्यामुळे ६० चं ५५ झालं म्हणून झोप उडवून घ्यायची गरज नसते, शक्यतो त्याच सेंटरला परत करून घ्या म्हणजे तुलनेला अर्थ राहतो. आणि ईएफ नॉर्मल असूनही हार्ट फेल्युअर असतं, हार्ट आकुंचन नीट पावतं पण सैल पडून भरत नाही.

म्हणून ईएफच्या पलीकडे तीन ओळी वाचा. एक, भिंतींची जाडी, पुरुषांमध्ये साधारण १० मिलिमीटरपर्यंत आणि बायकांमध्ये ९ पर्यंत, त्याहून जास्त असेल तर बीपी किती वर्षं वर होता याची ती नोंद असू शकते, अगदी तुम्ही म्हणत असाल की माझा बीपी कधीकधीच वाढतो तरी. दोन, डाव्या कर्णिकेचा आकार, शरीराच्या मापाने काढलेला व्हॉल्यूम ३४ च्या वर असेल तर डाव्या बाजूवर दाब राहत असल्याची शंका घेतात. तीन, आरडब्ल्यूएमए, म्हणजे भिंतीचा एखादा भाग नीट हलत नाही असं लिहिलंय का. ते असेल तर त्या भागाचा रक्तपुरवठा तपासायला लागतो. बाकी ‘ग्रेड १ डायस्टोलिक डिसफंक्शन’ (हार्ट सैल पडण्यातला सौम्य बिघाड) किंवा ‘ट्रिव्हियल एमआर’ (झडपेतून अगदी किंचित गळती) असं दिसलं तर घाबरू नका, पहिलं वयानुसार खूप जणांत येतं आणि दुसरं तर कितीतरी धडधाकट लोकांत असतं.

कॅल्शियम स्कोअर, यावर जरा थांबूया

लक्षणं नसलेल्या मधल्या वयाच्या माणसासाठी, औषध सुरू करू की नको या पेचात, मला ही सगळ्यात कामाची इमेजिंग टेस्ट वाटते. साधा सीटी, डाय नाही, सुई नाही, श्वास काही सेकंद रोखायचा, रेडिएशन साधारण १ मिलिसिव्हर्ट, जे निसर्गातून वर्षभरात आपल्याला मिळतं त्याच्या निम्म्याहूनही कमी. अगॅट्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ही मोजणी मांडली. १३० हाउन्सफील्ड युनिटच्या (सीटीत घनता मोजायचं एकक) वर दिसणारा प्रत्येक ठिपका कॅल्शियम धरायचा, त्याचं क्षेत्रफळ घ्यायचं आणि घनतेनुसार १ ते ४ ने गुणायचं, सगळ्या ठिपक्यांची बेरीज म्हणजे स्कोअर.

शून्य म्हणजे कॅल्शियम नाही. १ ते ९९ थोडं, १०० च्या वर गेलं की स्टॅटिनच्या (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीच्या) बाजूने बोलणं सुरू होतं, ३०० किंवा ४०० च्या वर म्हणजे बराच साठा. पण नुसता आकडा बघू नका, वय आणि लिंगाच्या मानाने पर्सेंटाइल विचारा. पंच्याहत्तरीच्या पुरुषाला ४० म्हणजे वयाच्या मानाने कमीच, तेच ४० पंचेचाळिशीच्या बाईला आले तर तिच्या वयाच्या बहुतेक बायकांना शून्य असतं, त्यामुळे ते गांभीर्याने घ्यायचं.

शून्य आलं की लोक पार्टी करतात, इथे थोडं सांभाळून. कॅल्शियम म्हणजे जखमेवरची जुनी खपली, ताजी जखम त्यात दिसत नाही. मऊ प्लाक या टेस्टला दिसतच नाही, आणि तरुण लोकांमध्ये प्लाक बहुतेक मऊच असतो. म्हणून छातीत दुखतंय आणि स्कोअर शून्य, तर शून्यावर विसंबायचं नाही. तसंच डायबेटिस, चालू सिगारेट किंवा घरात कमी वयातला हार्ट अटॅक असेल तर शून्य असूनही डॉक्टर स्टॅटिन सुचवू शकतात, ते काही औषध खपवत नसतात.

दुसरी बाजू अशी की स्टॅटिन सुरू केल्यावर स्कोअर वाढू शकतो. औषध मऊ प्लाक घट्ट करतं, त्यात कॅल्शियम जास्त दिसतं, आणि घट्ट प्लाक फुटण्याची शक्यता कमी असते. त्यामुळे औषध लागू पडतंय का हे बघायला दरवर्षी कॅल्शियम स्कोअर करणं निरर्थक आहे, त्यासाठी एलडीएल किंवा अपोबी बघायचं. स्टेंट किंवा बायपास झालेल्या माणसाला तर या टेस्टची गरजच नाही, आजार आहे हे आधीच माहीत आहे.

लक्षणं असतील तर

चालताना छाती भरून येते, जबडा किंवा हात दुखतो, थांबलं की बरं वाटतं, असं असेल तर सीटी अँजिओ किंवा स्ट्रेस टेस्टचा विषय निघतो. सीटी अँजिओत आयोडीनचा डाय देतात, त्याआधी क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट) बघतात, हार्ट रेट ६० च्या आसपास आणायला बीटा ब्लॉकर देतात, जिभेखाली नायट्रोग्लिसरीन देतात म्हणजे रक्तवाहिन्या मोकळ्या दिसतात. रिपोर्टच्या शेवटी कॅड-रॅड्स असा ० ते ५ आकडा असतो. ० म्हणजे स्वच्छ, १ आणि २ म्हणजे ५० टक्क्यांच्या आत, ३ म्हणजे ५० ते ६९, ४ म्हणजे त्याहून गंभीर, ५ म्हणजे नळी पूर्ण बंद. १ किंवा २ आला म्हणजे ‘काही नाही’ असं समजून लोक घरी जातात पण प्लाक आहे हे सिद्ध झालेलं असतं आणि हार्ट अटॅक बरेचदा अशा न अडवणाऱ्या प्लाकच्या फुटण्यानेही येतो. स्कॉट-हार्ट या स्कॉटलंडच्या अभ्यासात, ज्याचे पाच वर्षांचे निकाल २०१८ ला आले, सीटी अँजिओ केलेल्या गटात हार्ट अटॅक कमी झाले, आणि त्याचं एक मोठं कारण असं मानतात की प्लाक डोळ्यांनी दिसल्यावर योग्य औषधं जास्त जणांना सुरू झाली.

ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट रक्तपुरवठा कमी पडतोय का ते सांगते, प्लाक आहे का ते नाही. निम्म्याहून कमी अरुंद असलेली नळी या टेस्टमध्ये सहसा पकडली जात नाही. शिवाय २२० वजा वय, त्याच्या ८५ टक्के हार्ट रेट गाठला नसेल तर ‘निगेटिव्ह’ या शब्दाला फारसा अर्थ नाही, रिपोर्टमध्ये किती टक्के गाठला ते आधी बघा.

ट्रोपोनिन ही स्क्रीनिंगची टेस्ट नाही, उगाच हौसेने करू नका. अटॅकची शंका असताना एक ते तीन तासांच्या अंतराने दोनदा करतात आणि आकडा चढतोय का उतरतोय हे महत्त्वाचं असतं. किडनीच्या आजारात, गंभीर इन्फेक्शनमध्ये, मॅरेथॉन पळल्यावरही तो वाढलेला सापडतो. बीएनपी आणि एनटी-प्रोबीएनपी मात्र धाप लागणाऱ्या माणसात फार उपयोगी. ओपीडीत एनटी-प्रोबीएनपी १२५ च्या खाली असेल तर हार्ट फेल्युअरची शक्यता कमी. वजन खूप जास्त असेल तर आकडा खोटा कमी येतो, वय जास्त किंवा किडनी कमजोर असेल तर जास्त येतो. आणि सॅक्युबिट्रिल (हार्ट फेल्युअरचं औषध) असलेली गोळी चालू असेल तर बीएनपी वाढतं कारण ती गोळी बीएनपी तोडणारं एन्झाइमच अडवते, अशा वेळी एनटी-प्रोबीएनपीच मागा.

रक्तवाहिन्या, थोडक्यात

मानेच्या कॅरोटिड डॉपलरमध्ये (रक्ताचा वेगही दाखवणारी सोनोग्राफी) दोन गोष्टी असतात, भिंतीची जाडी आणि प्लाक. जाडीचा आकडा मिलिमीटरच्या दहाव्या भागात बदलतो आणि मोजणाऱ्यावर खूप अवलंबून असतो, मी त्याला फार भाव देत नाही. प्लाक आहे की नाही हे वाचा. रक्ताचा वेग सेकंदाला १२५ सेंटिमीटरच्या वर असेल तर निम्मी नळी अरुंद झाल्याची, आणि २३० च्या वर असेल तर ७० टक्क्यांची शंका घेतात. लक्षणं नसलेल्या सगळ्यांनी सरसकट ब्लॉकेज शोधायला कॅरोटिड डॉपलर करावं असं मात्र नाही, अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सने २०२१ मध्ये त्याविरुद्धच मत दिलंय.

पायांसाठी एबीआय, घोट्याचा बीपी भागिले हाताचा बीपी. पाच-दहा मिनिटं झोपवून दोन्ही हात दोन्ही पाय मोजतात. १.० ते १.४ ठीक, ०.९ किंवा खाली म्हणजे पायाच्या धमन्यांत अडथळा, आणि अशा माणसाच्या हार्टमध्येही अडथळा असण्याची शक्यता बरीच. १.४ च्या वर आला की लोक ‘छान, जास्त आहे’ म्हणतात, तो खरं तर बिघाड आहे, डायबेटिस किंवा किडनीच्या आजारात धमनी इतकी कडक होते की पट्ट्याने दबतच नाही, मग पायाच्या अंगठ्याचा बीपी मोजायला लागतो. आयुष्यात कधीही सिगारेट ओढलेल्या ६५ ते ७५ वयाच्या पुरुषांनी पोटातल्या महाधमनीची सोनोग्राफी एकदा करून घ्यावी, ३ सेंटिमीटरपासून फुगा म्हणतात. घड्याळात दिसणारं ‘रक्तवाहिन्यांचं वय’ वगैरे बघून मनोरंजन होतं तेवढं ठीक, औषधाचे निर्णय त्यावर नको.

लिव्हर: चरबी आणि व्रण या वेगळ्या गोष्टी

एसजीपीटी आणि एसजीओटी लिव्हरच्या पेशींना इजा होतेय का ते दाखवतात. लिव्हर काम किती करतंय हे अल्ब्युमिन, बिलिरुबिन आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठण्याची टेस्ट) सांगतात. एसजीपीटीची लॅबने छापलेली वरची मर्यादा बऱ्याचदा सैल असते, काही तज्ज्ञ संस्था पुरुषांसाठी ३३ आणि बायकांसाठी २५ च्या वर गेलं की विचार करा म्हणतात. एसजीओटी स्नायूंतूनही येतं, त्यामुळे जिम नुकतीच सुरू केली असेल आणि एसजीओटी वाढलं असेल तर सीपीके (स्नायूंच्या इजेची टेस्ट) करून बघा. एसजीओटी एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त असेल तर दारूचा संशय पहिला. फक्त इनडायरेक्ट बिलिरुबिन थोडं वाढलेलं आणि बाकी सगळं, हिमोग्लोबिनसकट, व्यवस्थित असेल तर बहुतेक वेळा तो गिल्बर्ट सिंड्रोम, त्याला उपचार लागत नाही.

सोनोग्राफीत ग्रेड १, २, ३ लिहितात, ती चरबीची ग्रेड. व्रण किती झाला, म्हणजे फायब्रोसिस, ते त्यातून कळत नाही, आणि लिव्हरचं पुढे काय होणार हे मुख्यतः फायब्रोसिसवर ठरतं. ग्रेड १ असलेल्याला पुढच्या टप्प्याचा फायब्रोसिस असू शकतो आणि ग्रेड ३ वाल्याला अजिबात नसू शकतो. चरबी थोडी असेल तर साध्या सोनोग्राफीत दिसतही नाही. सिरोसिसपर्यंत गेलेल्या लिव्हरमध्ये तर चरबी कमी होते, एसजीपीटीही खाली येतं, आणि माणूस सुधारलो म्हणून खूश होतो. म्हणून त्याच रिपोर्टमध्ये प्लीहेची लांबी, पोर्टल व्हेनची (लिव्हरला रक्त नेणाऱ्या शिरेची) रुंदी आणि लिव्हरची कड खडबडीत आहे का तेही वाचा.

आता घरी करता येईल असं काम. फिब-४ नावाचा स्कोअर, चारच गोष्टी लागतात आणि त्या तुमच्या फाईलमध्ये आधीच असतात. वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. प्लेटलेट हजारात घ्यायच्या, म्हणजे २.१ लाख असतील तर २१०. उदाहरण घेऊ, वय ५२, एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४, प्लेटलेट २१०. वर ५२ गुणिले ४८ म्हणजे २४९६. खाली ६४ चं वर्गमूळ ८, गुणिले २१० म्हणजे १६८०. भागाकार साधारण १.४९.

१.३ च्या खाली असेल तर पुढच्या टप्प्याचा फायब्रोसिस असण्याची शक्यता कमी, २.६७ च्या वर असेल तर लिव्हरच्या डॉक्टरकडे जायचंच. वरचं १.४९ मधल्या पट्ट्यात येतं, मग पुढची पायरी फायब्रोस्कॅन. ६५ च्या पुढे खालची मर्यादा १.३ ऐवजी २ धरतात, कारण वय स्वतःच स्कोअर वाढवतं, आणि ३५ च्या आत हा स्कोअर भरवशाचा नाही. ताजी कावीळ असताना काढू नका, आकडा भलताच येईल. कमी आला पण शुगर किंवा वजन जास्त आहे तर एक ते तीन वर्षांनी परत काढा. मला सगळ्यात आवडणारी टेस्ट ही, कारण यात वेगळी सुई टोचायला लागत नाही.

फायब्रोस्कॅन करताना बरगड्यांमधून हलका ठोका देतात आणि ती लाट लिव्हरमधून किती वेगाने जाते ते मोजतात, कडक लिव्हरमध्ये जास्त वेगाने जाते. दोन आकडे मिळतात, किलोपास्कलमध्ये कडकपणा आणि कॅप म्हणजे चरबी. फॅटी लिव्हरमध्ये ८ च्या खाली कडकपणा असेल तर बरंच निश्चिंत, १२ च्या वर असेल तर पुढे तपास, मधलं मधे. पण हे वाचण्याआधी टेस्ट नीट झाली का ते बघा, किमान १० वैध मोजमापं हवीत आणि आयक्यूआर भागिले मीडियन (मोजमापं किती विखुरलीत ते) ३० टक्क्यांच्या आत हवं, दोन्ही रिपोर्टवर छापलेलं असतं. तीन तास पोट रिकामं ठेवून जा, जेवून गेलात तर कडकपणा जास्त दिसतो. जाड माणसासाठी मोठा एक्सएल प्रोब असतो, तो वापरला का विचारायला लाजू नका.

चरबी टक्क्यात नेमकी हवी असेल तर एमआरआय पीडीएफएफ, ५ टक्के किंवा जास्त म्हणजे फॅटी. रोजच्या वापरात त्याची सहसा गरज पडत नाही. आणि फॅटी लिव्हर ठरवण्याआधी हिपॅटायटिस बी आणि सीची टेस्ट एकदा झालेली हवी. २०२३ पासून फॅटी लिव्हरच्या आजाराचं नाव बदलून एमएएसएलडी झालंय, रिपोर्टमध्ये तसं दिसलं तर हा नवा आजार नाही.

आता तिन्ही फाईली शेजारी ठेवा

कॅल्शियम स्कोअरच्या सीटीत लिव्हरचा वरचा भाग आपोआप येतो. डाय न देता काढलेल्या सीटीत लिव्हरची घनता ४० हाउन्सफील्डच्या खाली असेल तर बऱ्यापैकी चरबी आहे असं समजतात, म्हणजे हार्टसाठी केलेल्या टेस्टमध्ये लिव्हरची बातमी फुकट. रेडिओलॉजिस्टने लिहिलं नसेल तर विचारा. उलटंही खरं, खोकल्यासाठी केलेल्या छातीच्या सीटीत ‘कोरोनरी कॅल्सिफिकेशन’ अशी एक ओळ शेवटी असते आणि ती कोणीच वाचत नाही, कारण सगळे फुप्फुस बघत असतात.

फायब्रोस्कॅन जास्त आलाय, पण पायाला सूज आहे, धाप लागते? आधी इको बघा. हार्टची उजवी बाजू थकली की रक्त लिव्हरमध्ये साठतं, लिव्हर फुगतं आणि कडक मोजलं जातं, बिलिरुबिन, जीजीटी आणि अल्कलाइन फॉस्फेटेज हे लिव्हरचे आकडेही वाढतात. यात लिव्हरचं औषध शोधत बसलं तर वेळ जातो.

स्टॅटिन आणि लिव्हरची भीती तर घराघरात आहे. एसजीपीटी थोडं जास्त आहे, फॅटी लिव्हर आहे, म्हणून स्टॅटिन मनानेच बंद, हे मी खूप लोकांना करताना पाहिलंय. फॅटी लिव्हर हे स्टॅटिन टाळण्याचं कारण नाही, उलट त्याच लोकांना हार्टचा धोका जास्त असतो. एसजीपीटी वरच्या मर्यादेच्या तिप्पट गेलं तर डॉक्टर पुन्हा विचार करतात, त्याच्या खाली सहसा चालू ठेवतात. बंद करायचं असेल तर विचारून करा.

वजनाचा हिशोबही दोन्हीकडे लागतो. ५ टक्के कमी केलं तर लिव्हरची चरबी उतरते, ७ ते १० टक्क्यांत सूज, आणि १० च्या पुढे काही जणांचा फायब्रोसिसही मागे सरकतो, सोबत ट्रायग्लिसराइड आणि बीपी खाली येतात. सहा महिन्यांनी पुन्हा टेस्ट करणार असाल तर वजन रिपोर्टवरच लिहून ठेवा, नाहीतर आकडा का बदलला ते आठवत नाही.

टेस्टला जाण्याआधी

केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनच्या जास्त ताकदीच्या गोळ्या घेत असाल तर लॅबला आणि डॉक्टरला सांगा, काही मशीनवर त्याने ट्रोपोनिन खोटं कमी आणि थायरॉइडचे आकडे खोटे बदललेले येतात, अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये याची सूचना काढली होती. दोन-तीन दिवस आधी जोराचा व्यायाम नको. आजारी असताना लिपिड करू नका, मोठ्या आजारात एलडीएल तात्पुरतं घसरतं. लिपिडसाठी उपाशी राहणं प्रत्येक वेळी गरजेचं नसतं, पण ट्रायग्लिसराइड आधी जास्त आलं असेल तर उपाशी करा. डायचा सीटी असेल तर किडनी, मेटफॉर्मिन (डायबेटिसची गोळी) आणि ॲलर्जी या तीन गोष्टी आधीच सांगा. पेसमेकर असेल तर एमआरआयच्या अपॉइंटमेंटला फोनवरच सांगा, टेबलावर झोपल्यावर नाही.

डॉक्टरने नवीन स्कॅन सांगितला तर एक प्रश्न विचारा: हा चांगला आला किंवा वाईट आला तर माझ्या उपचारात काय बदलेल? उत्तर ‘काहीच नाही’ असं असेल तर ती टेस्ट बहुतेक पुढे ढकलता येते.

आणि एक कागद करा, एक्सेल येत असेल तर उत्तम. तारीख, वजन, बीपी, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), नॉन-एचडीएल किंवा अपोबी, एसजीपीटी, एसजीओटी, प्लेटलेट, त्यावरून काढलेला फिब-४, आणि शेवटच्या रकान्यात इमेजिंग, कुठल्या सेंटरला आणि कुठल्या मशीनवर ते धरून. लिपोप्रोटीन ए एकदाच वरच्या कोपऱ्यात. जुन्या फाईली काढून मागच्या पाच वर्षांचे आकडे आधी भरा, पुढच्या टेस्टची तारीख मग ठरवा, आणि कार्डिओलॉजिस्ट असो की लिव्हरचा डॉक्टर, दोघांना हाच कागद दाखवा.